उरलं ते गावाचं

माझं किराणा दुकान आहे, आणि दुकानदाराला दुसऱ्याचा बाजार कधी गोड लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कलाबाईचं कौतुक करायला लागलो तर कोणाला ते फुकटचं वाटायला नको.

आमचा हिवरटोला नवेगाव बांधच्या रस्त्यावर आहे. सव्वाशे घरं, एक तलाव, तलावाच्या पाळीखाली मोहाची अकरा झाडं आणि त्या झाडांच्या सावलीत ग्रामपंचायतीची मोकळी जागा. गावात बाजार नव्हता. मिरची, सुकी मासळी, मडकं, सूप, जे लागेल त्यासाठी अकरा किलोमीटर नवेगावला जायचं. विकायचं असलं तरी तिथेच. गावात पिकलेलं वांगं डोक्यावरून नवेगावला जायचं, आणि गावातलाच दुसरा माणूस तेच वांगं तिथून पिशवीत घालून परत आणायचा. वांग्याचा एवढा प्रवास आमच्यापैकी कित्येकांना आयुष्यात घडला नाही.

दोन हजार पाच साली दिवाळीच्या आधी गोंदियाचा एक लॉजवाला आला. तलाव पाहायला, पक्षी पाहायला शहरातले लोक येतात, त्यांच्यासाठी मोहाखाली तंबू ठोकतो, जागा मला द्या, म्हणाला. गाव हुरळून गेलं. सगळ्यात आधी मी हुरळलो. मागच्या हिवाळ्यात रस्त्यावरून गाड्या जाताना पाहून मी पाण्याच्या बाटल्यांची दोन खोकी आणून ठेवली होती. गाड्या गेल्या. एक थांबली, तिने नवेगावचा रस्ता विचारला. पण तंबू झाले की लोक थांबतील, असं माझं गणित होतं.

ग्रामसभेत सरपंच बकाराम ठराव वाचायला लागले तेव्हा भिंतीशी बसलेली कलाबाई उभी राहिली. कलाबाई म्हणजे ताराचंदची बायको, बौद्ध मोहल्ल्यातली. तलावाखाली त्यांची अर्धा एकर वाडी, तिच्यात ती भाजी काढते आणि पंधरा वर्षं टोपली डोक्यावर घेऊन नवेगावचा बाजार करते. सभेला ती नेहमी यायची, पण तोपर्यंत कधी बोलली नव्हती.

"सरपंच जी, त्या जागेवर बाजार बसवू," ती म्हणाली.

"बाजार का असाच बसते व बाई?" बकाराम हसले. "माल इकाले कोण येईन इथं?"

"येतीन. आलेला माणूस माल घेऊन वापस नाही गेला पायजे, एवढंच करा लागते. माझी आजी सांगे, पहिले गावाचा धनी मालगुजार बाजार बसवे तं सांजेले उरला माल सोता उचले. मंग इकणारे आपोआप येत."

"आपल्या गावात मालगुजार कोण आहे आता?"

"गावच मालगुजार. उरलं ते गावानं घ्याचं."

सभा खो खो हसली. मीही हसलो. बकाराम वाईट माणूस नाहीत, पण एखाद्याला सरळ नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी एक अट घातली. बारा बुधवार बाजार भरवून बघा. अकरा बुधवार उरला माल गावाने उचलावा. बाराव्या बुधवारी मात्र गावाने हात लावायचा नाही. त्या दिवशी सूर्य बुडायच्या आत सगळ्यांचा माल आपसूक खपला, तर जागा बाजाराची. एकाचीही टोपली भरलेली दिसली, तर जागा लॉजवाल्याची. या अटीत बाई आपोआप अडकते हे दिसत होतं, म्हणून मी मोठ्या आवाजात अनुमोदन दिलं.

नवं धान घरात आलं होतं. पंचायतीच्या खोलीत बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली एक ढोली होती. कलाबाई घरोघर फिरली आणि घरटी एक पायली धान त्या ढोलीत टाकायला लावलं. उरला माल याच धानाच्या बदल्यात घ्यायचा होता. माझ्या बायकोने, शकुंतलाने, दोन पायल्या घातल्या. मी रागावलो तर म्हणाली, "नवेगावच्या जीपमध्ये कोंबून जाऊन पाहा एकदा, मंग बोला."

नंतर आठवडाभर कलाबाई आजूबाजूच्या गावांतून पायी फिरत राहिली. मासळीवाली, कुंभार, बांबूकाम करणारा मंगरू, दिसेल त्याला एकच वाक्य सांगायची: "बुधवारी या, उरलं तं आम्ही घेऊ." मला वाटलं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ज्या गावाला स्वतःचं पुरत नाही, ते दुसऱ्याचं उरलेलं घेणार.

पहिल्या बुधवारी पाच जण बसले, त्यांत एक कलाबाई. नवेगावच्या तलावावरच्या मासेमार ढिवर घरातली पुष्पाबाई सुकी मासळी घेऊन आली होती. तिचा अर्धा टोपला उरला, कुंभाराची नऊ मडकी उरली. दिवस कलताना कलाबाईने खरोखरच धान मोजून दिलं. पुष्पाबाई त्या धानाकडे आणि कलाबाईच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत राहिली. नऊ मडकी शाळेत पाण्यासाठी गेली आणि मासळी घरोघर वाटली.

तिसऱ्या बुधवारी सगळीकडून वांगीच आली. ती वेळच वांग्यांची होती, त्याला कोण काय करणार. सांजेला वांग्यांचा हा ढीग. गावाने आठ दिवस वांगी खाल्ली. भाजी, भरीत, सुकवलेल्या फोडी, आणि पाहुणा आला तर त्यालाही वांगीच. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने जाहीर केलं की आता मेलो तरी चालेल पण वांगं पुढे करू नका. पण त्या आठवड्यात एक गंमत झाली, ती मी कोणाला सांगितली नाही. भरिताला तेल लागतं. माझ्या दुकानातलं तेलाचं पिंप शनिवारीच तळाला गेलं.

पाचव्या बुधवारी बांगडीवाला आला आणि त्याच्या तीन पेट्या उरल्या. त्या आठवड्यात हिवरटोल्यातली प्रत्येक बाई धुणं धुताना खणखणत होती.

सातव्या बुधवारी शालीकराम आला. हा गोंदियाकडचा फिरता व्यापारी, छोटा टेम्पो घेऊन गावोगाव फिरणारा. त्याने रबरी चपलांची पोती उतरवली आणि स्वतः मोहाच्या बुंध्याला टेकून बिडी ओढत बसला. ओरडणं नाही, बोलावणं नाही. मी जाऊन चपला पाहिल्या. सगळ्या दहा नंबरच्या. दहा नंबरचा पाय आमच्या गावात दोघांचा, आणि त्यातला एक त्या वेळी भिलाईला मजुरीला गेलेला. कुठला तरी न खपणारा माल स्वस्तात उचलून हा गडी आमच्या गळ्यात मारायला आला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

सांज झाली. शालीकराम उठला, हात झटकले. "माल रह गया, बाई. गाव घेते ना? जबान दिली आहे म्हणतात."

कलाबाईने पोती पाहिली. एक चप्पल काढून स्वतःच्या पायाशी धरली. मग ढोलीकडे गेली आणि धान मोजायला लागली. मोजता मोजता ढोलीचा तळ दिसला. तरी पुरलं नाही. तेव्हा ती घरी गेली आणि ताराचंदच्या डोक्यावर घरचं एक पोतं देऊन परत आली.

मला राहवलं नाही. "अवो, तो ठगून राहिला तुले," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"माहीत आहे, उदारामभाऊ."

"मंग काऊन देऊन राहिली?"

"बाकीचे पाहून राहिले ना," ती हळूच म्हणाली. "एकाले वापस धाडलं तं बाकीचे म्हणतीन, ह्या गावाचा शब्द माणूस पाहून चालते. मंग कोण येईन?"

आणि शालीकराम टेम्पोत बसत होता तेव्हा ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "पुढल्या बुधवारी या जी. पाच, सहा, सात नंबर आणा. आमच्या बायकांचे पाय लहान आहेत." चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. गिऱ्हाईक दुकानदाराला सांगतं तसं सांगितलं.

गाव चिडलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. चपला घरटी दोन जोड वाटल्या, आणि चार दिवस गावात जो तो फटक फटक वाजत चालत होता. मी दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की बघा, बाईच्या हट्टाने गाव कसं बुडालं.

बुडालं नाही. उलटंच झालं. चपलांची गोष्ट पंचक्रोशीत पसरली. लोक हसून हसून सांगत होते की हिवरटोल्याच्या येड्या लोकांनी दहा नंबरच्या चपलाही परत पाठवल्या नाहीत. हसत होते, पण ऐकणारा विक्रेता त्यातून काय ऐकत होता? त्या गावातून कोणी माल घेऊन परत जात नाही. आठव्या बुधवारी मोहाखाली एकतीस जण बसले. मी स्वतः मोजले. शालीकरामही आला. लाज वाटली म्हणून आला असं मी म्हणणार नाही, त्याला धंदा दिसला. पाच, सहा आणि सात नंबर आणले होते, आणि दुपारपर्यंत संपले.

विकणारे आले म्हणून घेणारे आले. आठ गावांचे लोक यायला लागले. विळ्याला धार लावणारा बसला, न्हावी बसला, मोहाचं तेल आलं, जंगलातला हिरडा आला. मंगरू पूर्वी आठवड्याला चार टोपल्या विणायचा, त्याची बायको, सून सगळे विणायला लागले. पुष्पाबाईने मासळीच्या बदल्यात घेतलेलं धान कुंभाराला दिलं आणि मडकं घेतलं, कुंभाराने तेच धान मंगरूला देऊन सूप घेतलं. एकच धान एका दिवसात चार हातांतून फिरताना मी पाहिलं, आणि ते गावाबाहेर गेलं नाही. इतकी वर्षं दुकान चालवून मला जे कळलं नव्हतं ते अर्ध्या एकराच्या बाईला कळलं होतं. नवव्या बुधवारी मीही गोणपाट अंथरून गूळ आणि तेल घेऊन बसलो. कोणी थट्टा केली नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

दहाव्या बुधवारी ढोलीतून जेमतेम अर्धी पायली धान निघालं. अकराव्याला काहीच नाही.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या बुधवारपासून पाहत होतो आणि बोलत नव्हतो. कलाबाई शेवटच्या, अकराव्या मोहाखाली बसायची, आणि तिची टोपली दर बुधवारी संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच घरी जायची. तिच्या मोहल्ल्यात परसापरसात तीच भाजी. बाहेरगावचं कोणी घेतलं तर थोडं घ्यायचं. आणि आमच्या गल्लीतल्या बाया तिच्या टोपलीशी थांबायच्याच नाहीत. परगावच्या भाजीवालीकडून घ्यायच्या, तिची जात कोणी विचारत नव्हतं. कलाबाईचं घर कोणतं हे सगळ्यांना माहीत होतं. नवेगावला तिची भाजी हातोहात खपायची, कारण तिथे तिचं घर कोणतं हे कोणाला माहीत नव्हतं. आणि ढोलीतल्या धानाने तिने स्वतःचा उरला माल कधी उचलला नाही. उचलणारी मीच, माझंच उरलं कसं म्हणू, असं ती ताराचंदला म्हणाली होती म्हणे.

आमच्या घरातही तिची भाजी येत नव्हती. माझी आई घेत नव्हती म्हणून शकुंतला घेत नव्हती, आणि आई जाऊन सहा वर्षं झाली तरी ते तसंच चालू होतं. कारण असं कोणी सांगत नाही. सगळ्यांनाच ते पाठ असतं.

बाराव्या बुधवारच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या वाडीवर गेलो. ती शेंगा तोडत होती.

"उद्या टोपली आणू नको," मी म्हणालो. "बाकी सगळ्यांचा माल खपते. तुझी एक टोपली उरली तं अट मोडते. सगळं जाईन."

तिने शेंगा ओटीत टाकल्या. "माझी टोपली नाही ठेवली तं बाजार बसते, असं म्हणता?"

"हो."

"मंग तो बाजार कोणाचा, भाऊ?" ती म्हणाली, आणि पुन्हा तोडायला लागली. मला तिथून निघायला मार्ग सापडेना, इतका मी ओशाळलो.

बुधवारी मोहाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. लॉजवाला जीप घेऊन आला होता. चार वाजेपर्यंत कुंभार मोकळा झाला. पुष्पाबाईने टोपला पालथा करून त्यावरच बैठक मारली. माझा गूळ संपला. शालीकरामकडे दोन जोड उरले होते, एक त्याने स्वतः घातला आणि दुसरा ड्रायव्हरच्या पायात घालून त्याच्याकडून पैसे घेतले. सूर्य तलावापलीकडच्या झाडांवर आला तेव्हा बकाराम पाहायला निघाले, मागे लॉजवाला आणि मागे अर्धं गाव. एकेक टोपली रिकामी. लोक हसत, बोलत पुढे सरकत होते. अकराव्या मोहाशी आले आणि सगळे थांबले.

टोपलीत वांगी होती, शेंगा होत्या. दहाएक किलो माल असेल. कलाबाई तराजू मांडीशी घेऊन ताठ बसली होती. बकारामांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. लॉजवाला घड्याळ पाहत होता. मला पुढे व्हायचं होतं. एक पाऊल टाकायचं होतं, बस. माझे पाय हलले नाहीत. आज लिहिताना लाज वाटते, पण हलले नाहीत.

शकुंतला पुढे झाली. गर्दीतून वाट काढत आली, पदर खोचला आणि टोपलीसमोर उकिडवी बसली. एक वांगं उचललं, फिरवून पाहिलं, कीड बघितली, ठेवलं. दुसरं उचललं.

"वांगे कसे देतेस?"

"आठ रुपये किलो."

"सहानं दे. समदेच घेऊन टाकतो."

"नाही परवडत, बाई."

बकाराम खाली वाकले. "अवो, देऊन टाक ना. सूर्य बुडून राहिला. दोन रुपयांसाठी बाजार घालवशीन?"

कलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती शकुंतलाकडेच पाहत होती. "दुपारी आठानंच होते, आता बी आठानंच. दया म्हणून घ्याचे असतीन तं नोका घेऊ, बाई. वांगे चांगले वाटत असतीन तं घ्या."

बारा आठवडे, ढोलीचं धान, घरचं पोतं, पंचक्रोशीत पायी केलेल्या चकरा, सगळं त्या दोन रुपयांवर येऊन थांबलं होतं आणि ही बाई भाव सोडायला तयार नव्हती. माझ्या दुकानात मी रोज घासाघीस करतो, पण असा भाव मी कधी ऐकला नाही. शकुंतला वांगं हातात घेऊन तशीच बसून राहिली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मग तिने ते वांगं तराजूत टाकलं.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "आठानंच दे. पण सांबार टाक वरून."

"तेवढा घ्या," कलाबाई म्हणाली आणि कोथिंबिरीची एक जुडी वर ठेवली.

मग आमच्या गल्लीतली आणखी एक बाई बसली, तिच्या मागे दोघी. ज्यांनी कधी त्या टोपलीला हात लावला नव्हता त्या शेंगांसाठी एकमेकींना कोपर मारायला लागल्या. कलाबाई तोलत होती. मापात एकदाही चुकली नाही. शेवटच्या मूठभर शेंगा मी घेतल्या, आठानेच, आणि त्या वेळी तलावापलीकडे अजून बोटभर सूर्य शिल्लक होता. बकारामांनी टोपली उचलून पालथी करून दाखवली. लॉजवाला जीपकडे गेला. त्याचा दोष नव्हता, तो धंदा करायला आला होता.

लोक पांगायला लागले. कलाबाईने तराजू गुंडाळला, पदरात पैसे बांधले आणि पुष्पाबाईच्या जागेशी जाऊन उभी राहिली. बाजारात ती बारा बुधवार आली होती, पण घ्यायला म्हणून आज पहिल्यांदाच आली होती. पुष्पाबाईने पालथा टोपला दाखवला. ती कुंभाराकडे वळली, तोही रिकामा. मोहाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती क्षणभर तिथेच उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

"पुढल्या बुधवारी माझ्यासाठी थोडी मासळी बाजूला ठेवजा, पुष्पाबाई," ती म्हणाली, आणि रिकामी टोपली काखेत मारून घरी गेली.